वजन कुणासाठी मोजायचं?

निदा अंजुम चेलाट हे नाव आपल्याकडे अजून फारसं कुणाच्या तोंडी नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातली ही तरुणी. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या कास्तेलसाग्रा इथे तरुण स्वारांची जागतिक एंड्युरन्स स्पर्धा झाली. तिथे तिने 'एप्सिलॉन सालू' नावाच्या घोड्यावरून १२० किलोमीटरचा पल्ला पुरा केला. पुढच्या वर्षी फ्रान्समध्येच, मोंपाझिए इथे, ती वरिष्ठ गटात १६० किलोमीटर पार करून आली. मुंबईहून पुणं जेवढं दूर, त्याहून हे अंतर जास्त आहे, आणि तेही एका दिवसात, एका घोड्यावर.

अशी बातमी वाचली की आपण दोन प्रश्न विचारतो. किती वेळ लागला? कितवी आली? या खेळात तिसराही एक प्रश्न असतो आणि तो बातमीत कधी येत नाही. घोड्याच्या पाठीवर वजन किती होतं? या प्रश्नावर या खेळाच्या जगात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. वजनाचे गुण द्यावेत का, किती द्यावेत, जड स्वाराला न्याय मिळतो का, हलक्या स्वारावर अन्याय होतो का, असं सगळं त्यात येतं. हे वाद वाचताना मला सतत एक गोष्ट खटकत राहिली. सगळी भांडणं माणसामाणसांतल्या न्यायाची आहेत. ज्याच्या पाठीवर ते वजन आहे, त्याच्या बाजूने हिशेब मांडलेला फारसा दिसत नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी खेळ थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे घोड्यांची शर्यत म्हटलं की महालक्ष्मीचं रेसकोर्सच डोळ्यांपुढे येतं. एंड्युरन्स म्हणजे दमसासाची शर्यत. आजच्या रूपात ती सुरू झाली अमेरिकेत. १९५५ मध्ये वेंडेल रॉबी आणि त्यांचे काही सोबती कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरातून ऑबर्न गावापर्यंत शंभर मैल एका दिवसात घोड्यावरून गेले. तीच पुढे 'टेव्हिस कप' म्हणून प्रसिद्ध झाली. या खेळात वाटेचे टप्पे पाडलेले असतात. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतात. नाडीचे ठोके ठरलेल्या वेळात खाली यावे लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांत मिनिटाला ६४ हा आकडा बराच काळ रूढ आहे. मग कातडीला चिमटा घेऊन अंगात पाणी किती उरलंय ते पाहतात, हिरड्यांचा रंग पाहतात, पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात, आणि घोड्याला दुडक्या चालीने पळवून तो लंगडतो का ते बघतात. यातलं काहीही बिघडलं तर स्वार कितीही पुढे असो, त्याची शर्यत तिथेच संपते. अमेरिकेतल्या एंड्युरन्स संघटनेचं तर ब्रीदच आहे की पोचला तो जिंकला.

म्हणजे हा खेळ मुळातच जनावराची काळजी नियमांत बांधणारा आहे. माझी तक्रार आहे ती वजनाच्या नियमांबद्दल. कारण नेमका तिथे येऊन हा खेळ माणसाकडे बघायला लागतो.

वजनाचा हिशेब घोड्यांच्या खेळांत तीन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा रेसकोर्सची. हँडिकॅप शर्यतीत ज्या घोड्याची कामगिरी चांगली त्याच्यावर जास्त वजन ठेवतात. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून आकडा जुळवतात. उद्देश एवढाच की सगळे घोडे एका पातळीवर यावेत आणि पैज लावणाऱ्याला निकालाचा अंदाज सहज बांधता येऊ नये. इथे वजन म्हणजे तराजूत पासंग म्हणून टाकलेला दगड.

दुसरी तऱ्हा आंतरराष्ट्रीय एंड्युरन्सची. जागतिक स्पर्धेत वरिष्ठ गटासाठी स्वार आणि खोगीर मिळून किमान ७५ किलो हा दंडक वर्षानुवर्षं चालत आला आहे. समजा, स्वार ५२ किलोची आहे आणि खोगीर वगैरे ८ किलोचं. झाले ६०. उरलेले १५ किलो मृत वजन म्हणून घोड्याच्या पाठीवर बांधायचे आणि शंभर मैल न्यायचे.

तिसरी तऱ्हा अमेरिकेची, आणि मला सर्वांत रोचक वाटते ती हीच. तिथल्या संघटनेने वजनाचे चार गट केले आहेत. खोगिरासह १६० पौंडांपर्यंतचा सर्वांत हलका आणि २११ पौंडांपासून पुढचा सर्वांत जड. त्याशिवाय 'बेस्ट कंडिशन' म्हणून एक मानाचं बक्षीस असतं. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी शर्यतीनंतरही सर्वांत सुस्थितीत कोण, हे त्यात ठरतं. जाणते लोक पहिल्या क्रमांकापेक्षा या बक्षिसाला मोठं मानतात. त्याचे एकूण ८०० गुण. त्यातले ५०० पशुवैद्याच्या तपासणीचे, २०० वेळेचे आणि १०० वजनाचे. पहिल्या आलेल्याला वेळेचे पूर्ण २०० मिळतात, नंतरच्यांचा मिनिटाला एक गुण कमी होतो. वजनात सर्वांत जड स्वाराला पूर्ण १०० मिळतात, बाकीच्यांचा दर पौंडामागे अर्धा गुण कमी होतो.

हे आकडे थोडे उलगडून बघू. 'अ' ही स्वार पहिली आली. खोगिरासह तिचं वजन १४० पौंड. 'ब' हा स्वार चाळीस मिनिटं उशिरा आला. त्याचं वजन २३० पौंड, दहांत सर्वांत जास्त. वेळेत 'अ'ला २००, 'ब'ला १६०. वजनात ९० पौंडांचा फरक म्हणजे ४५ गुण. 'अ'ला ५५, 'ब'ला १००. बेरीज केली तर 'अ' २५५ आणि 'ब' २६०. पशुवैद्याने दोन्ही घोड्यांना सारखेच गुण दिले तर बक्षीस 'ब'ला जातं. दोन पौंड म्हणजे एक मिनिट, असा हा विनिमय दर आहे.

यात गैर काय? वरवर पाहता काहीच नाही. जास्त ओझं वाहूनही जो घोडा ताजातवाना राहिला, त्याचं कौतुक जास्त व्हायला हवं, हे न्यायाचंच वाटतं. जड स्वार म्हणतात की आम्ही पहिले येऊच शकत नाही, निदान इथे तरी आमच्या घोड्याची कदर होते. हलके स्वार म्हणतात की आमच्या घोड्याने काही कमी केलं का, आमची हाडं बारीक आहेत हा काय गुन्हा झाला? यांतल्या बऱ्याचशा बायका असतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं.

पण या बेरजेत एक आकडा कुठेच नाही. घोड्याचं स्वतःचं वजन.

समजा 'अ'ची घोडी लहान चणीची अरबी आहे, ३४० किलोची. १४० पौंड म्हणजे साधारण ६३.५ किलो. म्हणजे घोडीच्या वजनाच्या १८.७ टक्के. 'ब'चा घोडा धिप्पाड, मिश्र जातीचा, ५६० किलोचा आहे. २३० पौंड म्हणजे १०४ किलोच्या आसपास. म्हणजे १८.६ टक्के. दोन्ही जनावरांनी आपापल्या वजनाच्या मानाने जवळजवळ तेवढंच ओझं वाहिलं. तरीही एकाच्या खात्यावर पंचेचाळीस गुण जास्त पडले. ते घोड्याच्या कष्टाचे नाहीत, स्वाराच्या काट्यावरच्या आकड्याचे आहेत.

दुसऱ्या पद्धतीचा हिशेबही असाच करून बघा. ७५ किलोचा दंडक त्याच ३४० किलोच्या घोडीवर लावला तर ओझं होतं २२ टक्के. म्हणजे हलकी स्वार स्वतः घोडीला झेपत होती, पण नियमाने शिसं बांधून तिला जास्त जड केलं. आणि वरच्या बाजूला मर्यादा नाहीच. किमान किती, हे नियम सांगतो. कमाल किती, याबद्दल तो गप्प आहे.

टक्केवारीला एवढं महत्त्व का द्यायचं? घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं ठीक, हा ठोकताळा अमेरिकी घोडदळाच्या काळापासून चालत आला आहे. २००८ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासला. आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं ठेवून त्यांना पळवलं. पंचवीस आणि तीस टक्क्यांना घोड्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि स्नायूंचं आखडणं स्पष्ट वाढलेलं दिसलं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. सू डायसन यांच्या गटाने सहा घोडे आणि वेगवेगळ्या वजनांचे चार स्वार घेऊन छोटा प्रयोग केला. त्यात जड आणि अतिजड स्वारांच्या सगळ्या फेऱ्या अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या, बहुतेक वेळा घोडा तात्पुरता लंगडायला लागल्यामुळे. यातला 'जड' स्वार वीस टक्क्यांच्या आतलाच होता.

याच्या दुसऱ्या बाजूलाही एक अभ्यास आहे आणि तो लपवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. सुसान गार्लिंगहाउस यांनी १९९५ आणि १९९६ च्या टेव्हिस शर्यतींत ३६० घोडे तपासले. शर्यत पुरी होणं आणि स्वाराचं वजन यांचा त्यांना संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो घोड्याच्या अंगावरच्या मांसाशी. हाडं दिसणारे, सुकलेले घोडे जास्त गळाले. अंगाने भरलेले पोचले. जड स्वारांचे पाठीराखे हा अभ्यास नेहमी पुढे करतात.

माझ्या मते या निष्कर्षांत विरोध नाही. शंभर मैलांच्या शर्यतीला जे येतात, ते आधीच निवडून, घासून, तयार होऊन आलेले असतात. जो जड आहे त्याने आपल्याला पेलणारा घोडा आधीच शोधलेला असतो. गार्लिंगहाउस यांचा अभ्यास एवढंच सांगतो की नुसत्या स्वाराच्या वजनावरून काही कळत नाही, घोड्याकडे बघा. मग त्याच नुसत्या वजनाला शंभर गुण देण्याला आधार काय उरला? तो अभ्यास माझ्या विरुद्ध नाही, गुणांच्या विरुद्ध आहे.

काट्यावर न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. स्वार पोत्यासारखा बसतो की घोड्याच्या चालीबरोबर अंग उचलतो, यात पाठीच्या दृष्टीने फार अंतर असतं. टेव्हिससारख्या वाटेवर जाणते स्वार उतारावर खाली उतरून घोड्याबरोबर चालतात, पळतात. चढावर घोड्याची शेपटी धरून मागून चढतात. ऐंशी किलोचा स्वार पंधरा किलोमीटर पायी चालला, तर तेवढ्या वाटेवर घोड्याच्या पाठीवर फक्त खोगीर होतं. काट्यावर मात्र तो पूर्ण ऐंशी किलोचाच. आणि खोगिरात बांधलेलं शिसं कधीच खाली उतरत नाही.

आमच्या आजोबांचा तालुक्याच्या गावी टांगा होता. स्टँडवर चौथी सवारी घ्यायची की नाही, हे ते माणसं मोजून ठरवत नसत. घाट कुठल्या बाजूला आहे, ऊन किती चढलंय आणि घोड्याने सकाळी चंदी पुरी खाल्ली का, एवढं बघत. "सवारियां नक्को गिन, घोडे का दम देख," असं ते माझ्या चुलत्यांना सांगत. त्यांना टक्केवारी ठाऊक नव्हती, पण हिशेब कुठून सुरू करायचा ते ठाऊक होतं.

आता कुणी म्हणेल, मग किमान वजनाचा नियमच काढून टाका. असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण आखातात आहे.

कोकणातल्या जवळपास प्रत्येक मोहल्ल्यातून कुणी ना कुणी आखातात कामाला गेलेला आहे. उंटांच्या शर्यती आपल्या लोकांनी पाहिलेल्या आहेत. त्या शर्यतींत हलकेपणाला किंमत होती, आणि सर्वांत हलका माणूस म्हणजे लहान मूल. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतल्या गरीब घरांतून चार-पाच वर्षांची पोरं आणली जात. काही विकली गेलेली, काही फसवून आणलेली. वजन वाढू नये म्हणून त्यांना पोटभर खाऊ घालत नसत. पडून हातपाय मोडत, काही मेली. संयुक्त अरब अमिरातीने २००५ मध्ये अठरा वर्षांखालच्या जॉकींवर कडक बंदी घातली आणि युनिसेफबरोबर हजारावर मुलं मायदेशी पाठवली. उंटांच्या पाठीवर मुलांच्या जागी छोटे यंत्रमानव आले. हे ज्यांच्या देशांत घडत होतं ते आपलेच दीनी भाऊ होते, आणि ज्यांची मुलं तिथे होती तेही आपलेच. यावर आपल्याकडे तेव्हा फार कमी लिहिलं गेलं.

म्हणून मला ७५ किलोच्या दंडकामागचं शहाणपण समजतं. हलकेपणावर बक्षीस ठेवलं की कुणाचं तरी शरीर त्याची किंमत देतं. कुठे मुलांचं, कुठे वजन घटवण्यासाठी जेवण टाळणाऱ्या आणि घाम काढत बसणाऱ्या जॉकींचं. किमान वजनाचा नियम माणसाला वाचवतो, तो राहू द्या. पण माणसाला वाचवणाऱ्या नियमाने घोड्याचं काम भागत नाही. त्याच्यासाठी दुसरा नियम लागेल, आणि तो कमाल मर्यादेचा असेल, घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या हिशेबात.

आपल्या परंपरेत याला आधार आहे, आणि तो इथे सांगणं मला अस्थानी वाटत नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत इब्न उमर यांची रिवायत आहे. प्रेषितांनी मदिनेत घोड्यांची शर्यत लावली तेव्हा सगळ्यांना एकाच पल्ल्यावर सोडलं नाही. शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांना लांबचा पल्ला दिला, हफ्यापासून सनियतुल विदापर्यंत. तयारी न झालेल्यांना तिथून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचा छोटा पल्ला. गट पाडले ते घोड्याच्या तयारीवरून. स्वार कोण, किती वजनाचा, हा निकष नव्हता. दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की जनावरांच्या पाठीला बसून गप्पा मारण्याचं आसन करू नका, ती गरजेपुरती प्रवासासाठी दिली आहेत. उपाशी ठेवून राबवलेल्या उंटाच्या मालकाला प्रेषितांनी खडसावल्याची रिवायतही आपण लहानपणापासून ऐकतो. जनावर ही मिरासदारी नव्हे, अमानत आहे. अमानतीत हिशेब ठेवणाऱ्याच्या सोयीने होत नसतो. ज्याची ठेव आहे त्याच्या बाजूने होतो.

मात्र परंपरेची ही आठवण आपल्यालाच आधी टोचायला हवी. एंड्युरन्समधल्या छळाबद्दल गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त बोट दाखवलं गेलं ते आखाताकडेच. सपाट वाळवंटात रेसकोर्सच्या वेगाने घोडे पळवणं, मोडलेले पाय, उत्तेजकं अशी प्रकरणं झाली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने अमिरातीच्या संघटनेला निलंबित केलं, २०२० मध्ये पुन्हा केलं. अरबी घोडा ज्यांनी जगाला दिला त्यांच्याच अंगणात हे व्हावं, याचं वाईट वाटतं. पण त्याच अमिरातीत, अबू धाबीच्या बूतीब केंद्रावर, शेख सुलतान बिन झायेद यांनी वेगळी वाट काढली. वेगाला ताशी २० किलोमीटरची मर्यादा, नाडीच्या ठोक्यांचा निकष ५६ पर्यंत कडक, आणि बक्षिसांचा भर घोडा सुखरूप आणणाऱ्यांवर. म्हणजे कमाल मर्यादा घालता येते आणि तरीही खेळ चालतो, हे एका अरब शेखानेच दाखवून दिलं. वेगाला जमलं ते वजनाला का जमू नये?

आक्षेप येतील ते मला दिसतात. पहिला, घोड्याचं वजन मैदानावर कसं करणार? जपानमध्ये प्रत्येक शर्यतीआधी प्रत्येक घोड्याचं वजन जाहीर केलं जातं, प्रेक्षक ते वाचून पैज लावतात. गुरांचे हलवता येणारे वजनकाटे असतात, आणि तेही नसतील तिथे छातीचा घेर आणि अंगाची लांबी फीत लावून मोजली की अंदाज येतो. शर्यतीत घाम जाऊन घोड्याचं वजन घटतं, म्हणून आदल्या दिवशीच्या तपासणीतच ते नोंदवावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोठ्या घोड्याचे पाय त्याच्या अंगाच्या प्रमाणात जाड होत नाहीत, आणि मोठं अंग उन्हात लवकर थंड होत नाही. म्हणून तर लहान चणीचे अरबी घोडे या खेळात पुढे असतात. टक्केवारी हे पूर्ण सत्य नाही, हे कबूल. पण स्वाराचे नुसते पौंड तर त्याहूनही अपुरं सत्य आहे. निदान टक्केवारीत घोडा आहे. उरलेलं पशुवैद्याच्या हातात आहेच. पाठ दाबून बघणारी बोटं आणि दुडकी चाल पाहणारे डोळे कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त सांगतात, आणि ८०० पैकी ५०० गुण त्यांच्याकडे आहेत हे योग्यच आहे.

तिसरा आक्षेप असा की यात जाड माणसांची टिंगल आहे, त्यांना खेळातून हाकलणं आहे. मला तसं वाटत नाही. ९५ किलोच्या स्वाराला वीस टक्क्यांच्या नियमात ४७५ किलोचा घोडा लागेल. असे घोडे आहेत. नियम माणसाला नाही म्हणत नाही, चुकीच्या जोडीला नाही म्हणतो.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर माथेरानला जाऊन बघा. मोटारींना बंदी असलेल्या त्या गावात पर्यटक आजही दस्तुरीपासून घोड्यावर बसतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी तेच. नव्वद किलोचा गृहस्थ तट्टाच्या पाठीवर चढतो, पुढे लेकराला बसवतो, आणि बायको फोटो काढते. आपल्याकडे यावर कायदाच नाही असं कुणाला वाटेल, पण १९६५ पासून ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम आहेत. त्यांत पाठीवरून ओझं वाहणाऱ्या तट्टाला कमाल ७० किलोची मर्यादा आहे. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही. नियम ओझ्याला लावलेला आहे. बसलेल्या माणसाला ओझं म्हणायचं की नाही यावर वकील वाद घालू शकतील, पाठ घालू शकत नाही. जागतिक संघटनांना जी कमाल मर्यादा लिहायला सुचलेली नाही, ती आपल्या कागदावर साठ वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. फक्त ती कुणी वाचत नाही.

यात घोडेवाल्यालाच धरून बदडणं मला मान्य नाही. त्याच्या दिवसाच्या कमाईतून चंदी, नाल, साईस आणि घर चालतं. नव्वद किलोच्या गिऱ्हाइकाला तो नाही म्हणाला, तर शेजारचा घेऊन जातो. नाही म्हणणं परवडतं ते गिऱ्हाइकाला. आपण आपलं वजन जाणतो, समोरचं जनावर डोळ्यांना दिसतं. मोठा घोडा मागता येतो, नाहीतर पायी चालता येतं. नगरपालिकेने स्टँडवर एक साधा वजनकाटा आणि घोड्याच्या गळ्यात त्याच्या कमाल ओझ्याचा बिल्ला लावला, तर घोडेवाल्यालाही नाही म्हणायला आधार मिळेल.

माझी मागणी थोडक्यात अशी. एंड्युरन्समध्ये स्वाराबरोबर घोड्याचंही वजन नोंदवा. दोहोंचं प्रमाण गुणपत्रकावर लिहा. वजनाचे शंभर गुण द्यायचेच असतील तर त्या प्रमाणावर द्या, आणि प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं तर गुण देऊ नका, घोडा सोडूच नका. ती मर्यादा वीस टक्के असावी की अठरा, हे पशुवैद्यांनी ठरवावं. किमान वजन ठेवा, पण लहान घोड्यावर शिसं बांधून मर्यादा ओलांडायची वेळ आली तर त्या जोडीला शिसं माफ करा. आणि हे सगळं सुरू करायला आपल्याला कुठल्या जागतिक महासंघाची वाट बघायची गरज नाही. या दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला जाणार असाल, तर दस्तुरीच्या स्टँडवर भाव विचारण्याआधी घोड्याकडे एकदा नीट बघा.